लिंडन स्ट्रीटवर उरलेली खुर्ची

उजाडायच्या आत एखादी शिवी मिळाली नाही, तर बर्नडेट हुडाकला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे. हिवाळ्यात ती कोल्टर्स फेरी नगरपालिकेचा बर्फ ढकलणारा ट्रक चालवायची. ट्रकच्या तोंडाशी जे भलंमोठं पातं असतं ते रस्ता साफ करतं असं म्हणतात. खरं म्हणजे ते रस्त्याच्या मधला बर्फ उचलून कडेला लोटतं, आणि कडेला कुणीतरी कंबर मोडून आपल्या गाडीपुरती जागा खणलेली असते ती पुन्हा भरून टाकतं. मग तो माणूस ओट्यावर येऊन फावडं उगारतो आणि बर्नीच्या सात पिढ्या काढतो. बर्नी काच खाली करून त्याच्या आठ काढते. उन्हाळ्यात हाच माणूस तिला परसातले टोमॅटो आणून देतो. एवढी जुनी ओळख असली की शिवीसुद्धा नमस्कारासारखी घालता येते.

बर्नी सत्तावन्न वर्षांची, आडव्या बांध्याची, नवरा-पोरं नसलेली. रस्ते खात्यात ती एकच बाई. तिचा राग साऱ्या गावाला ठाऊक होता, आणि गावाला त्याचं विशेष काही वाटतही नव्हतं, कारण कोल्टर्स फेरीत न चिडलेला माणूस शोधायचा तर दफनभूमीत जावं लागेल. गाव नदीच्या वळणावर पोलादी दोरखंडांच्या कारखान्यासाठी वसलं. कारखाना गेला, दवाखाना गेला, दोन शाळांची एक झाली. उरलं काय, तर वृद्धाश्रम, गोदाम आणि नगरपालिका. म्हणजे म्हाताऱ्यांना धुवायचं, खोकी उचलायची, नाहीतर रस्त्यावर मीठ टाकायचं. माणसं चिडणार नाहीत तर काय करतील?

टेकडीवरचा लिंडन स्ट्रीट कारखान्यानेच कामगारांसाठी बांधलेला. घराला घर चिकटलेलं, पुढे दोन माणसं बसतील एवढा लाकडी ओटा, आणि गाडी ठेवायला रस्ता. त्यामुळे बर्फ पडला की तिथे एकच कायदा चालायचा. ज्याने जागा खणली, त्याची जागा. गाडी काढून कामावर जाताना तिथे खुर्ची ठेवायची. खुर्चीच पाहिजे असं नाही. म्हाताऱ्या स्कार्पाचं इस्त्रीचं टेबल असायचं, मिसेस टिब्सच्या नातवाची उंच खुर्ची असायची, आणि कोपऱ्यावरची विधवा तर प्लास्टरची मदर मेरी उभी करायची. रस्ता सरकारचा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पण दुसऱ्याची खुर्ची हलवणारा माणूस लिंडन स्ट्रीटवर जन्मला नव्हता. बाहेरच्या कुणी हलवलीच, तर सकाळी त्याची गाडी बर्फाखाली गाडलेली असायची आणि वरून पाण्याच्या चार बादल्या ओतलेल्या असायच्या.

हुडाकांच्या घरासमोरच्या जागेला तर आणखी कारण होतं. बर्नीची आई आयरीन, वय ऐंशीच्या पुढे, मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. गावातला दवाखाना बंद झाल्यापासून त्यासाठी नदीपलीकडच्या गावी जावं लागे. म्हातारी वॉकर धरून ओट्यावरून गाडीपर्यंत कशीबशी यायची. त्यापुढे उतरणीवरच्या बर्फात एक पाऊल टाकणं तिच्या आवाक्यात नव्हतं. म्हणून बर्नी पहाटे जागा खणायची, आपली गाडी घेऊन नगरपालिकेच्या ट्रक डेपोत जायची, मागे स्वयंपाकघरातली लाल बैठकीची खुर्ची ठेवायची, आणि डायलिसिसच्या दिवशी मुकादमाकडून मधली सुट्टी घेऊन आईला न्यायला यायची. ती जागा रिकामी सापडली नाही तर आई घरात अडकली. इतकं साधं होतं.

त्या वर्षी गावाला नवा साहेब मिळाला होता. नगरपालिकेचा कारभार बघायला मोठ्या शहरातून आणलेला, तरुण, कॉलर कडक. राहायचा नदीकाठच्या नव्या वस्तीत, दोन गाड्यांच्या गॅरेजच्या घरात. त्याला टेकडीवर खुर्च्या दिसल्या आणि त्यांनी गावाला अवकळा आलीय असं त्याचं मत झालं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? मंगळवारी सकाळी, दोन दिवस पडलेला बर्फ थांबल्यावर, हुकूम निघाला: रस्त्यावरच्या खुर्च्या अन् सटरफटर सामान रस्ते खात्याने उचलून डेपोत टाकावं.

मुकादम केनी रीसने हे बर्नीला सांगितलं तेव्हा तो तिच्याकडे न बघता कॉफी ढवळत होता. टेकडीचा भाग तुझा, तो म्हणाला. बर्नीने त्याला विचारलं की हा हुकूम काढणाऱ्याने जन्मात कधी फावडं हातात धरलंय का. केनी म्हणाला, नसेल धरलं. तिने विचारलं, रात्रपाळी करून आलेल्या बाईने गाडी कुठे लावायची, साहेबाच्या गॅरेजात? केनी म्हणाला, ते त्याला विचार. मग त्याने कप खाली ठेवला.

“तू नाही केलंस तर दुसरा कुणी करेल, बर्नी. आणि मला तुझ्या किल्ल्या मागाव्या लागतील. मला लावू नकोस मागायला.”

पेन्शनला थोडकीच वर्षं उरली होती. बर्नीने टोपी कानांवर ओढली, मोठ्याने एक शिवी हासडली आणि ट्रक काढला.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तसं झालं. टेकडीच्या एकेक गल्लीत ती उतरायची, खुर्ची उचलायची, मागे फेकायची. ओट्यांवरून लोक ओरडत होते आणि ती जास्त मोठ्याने ओरडत होती. मी काढलाय का हुकूम? जा, साहेबाच्या दारात जाऊन बोंबला. मदर मेरीला मात्र तिने फेकलं नाही. छातीवर क्रूस काढला, मूर्ती दोन्ही हातांनी उचलली आणि ट्रकमध्ये आपल्या शेजारच्या सीटवर बसवली. कोपऱ्यावरची विधवा दारात उभी राहून हे बघत होती. ती म्हणाली, निदान तिला पट्टा तरी बांध.

लिंडन स्ट्रीटवर ती शेवटी आली. मिसेस टिब्सच्या नातवाची खुर्ची उचलली. त्या वृद्धाश्रमातून रात्रपाळी करून अजून परतायच्या होत्या. स्कार्पाचं इस्त्रीचं टेबल उचललं. दोन्ही बाजू साफ केल्या. मग ती आपल्या घरासमोर आली. लाल बैठकीची खुर्ची बर्फाच्या दोन भिंतींमध्ये उभी होती.

ती उचलायची तिची तयारी होती असं नंतर तिने स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण ते खोटं. खुर्चीजवळ ती थांबलीसुद्धा नाही. आजारी बाईची जागा आहे, तिने मनाशी म्हटलं. साहेबालाही एवढं कळेल, आणि नाही कळलं तर मी कळवीन. शनिवारनंतर आईचं रक्त धुतलेलं नव्हतं. पाय सुजून बुटात जात नव्हते. अशा वेळी नियम कसला.

ती ट्रकमध्ये चढत होती तेवढ्यात मागून आवाज आला.

“बर्नी. एक राहिली.”

डॉमिनिक स्कार्पा ओट्यावर उभा होता. दोरखंडाच्या कारखान्यात एका हाताची दोन बोटं गेलेली, बायको गेलेली, पोरं दक्षिणेत गेलेली. बर्नीने पहिल्यांदा सायकल चालवली ती त्याने मागून धरलेली.

“ती आईची आहे, मिस्टर स्कार्पा.”

“हो,” तो म्हणाला. “मला माहीत आहे कुणाची आहे.”

आणि तो आत गेला. शिवी नाही, आरडाओरडा नाही. बर्नीला ते खटकलं, पण घाई होती.

डेपोत सामान ओतून, आपली गाडी घेऊन ती आईला न्यायला परत आली, तेव्हा तिच्या जागेत मिसेस टिब्सची निळी गाडी उभी होती.

बर्नीच्या डोक्यात जे उसळलं त्याला राग म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणणं. तिने आपली गाडी रस्त्याच्या मधोमध सोडली, इंजिन चालू, दार उघडं. निळ्या गाडीच्या चाकाला लाथ मारली. मग पलीकडे जाऊन मिसेस टिब्सच्या दारावर मुठी आपटल्या. माझ्या म्हाताऱ्या आईच्या जागेवर डोळा ठेवायला तुम्हाला लाज वाटत नाही का, असं ती म्हणाली, आणि आणखीही बरंच म्हणाली, जे सबंध रस्त्याने ऐकलं. दार उघडायला वेळ लागला. मिसेस टिब्स झोपायच्या गाऊनमध्ये होत्या, डोळे लाल. रात्रभर दुसऱ्यांच्या आयांना कुशीवर वळवून आलेली बाई.

“माझी जागा मी आले तेव्हा गोदामाच्या कुणा पोराने घेतलेली होती,” त्या म्हणाल्या. “मी तीन फेऱ्या मारल्या. ही जागा मी घेतली नाही, बर्नडेट. मला दिली. कुणी दिली ते तुझ्या ओट्यावर बघ.”

ओट्यावर आयरीन बसली होती. अंगात कोट, डोक्यावर लोकरीची टोपी, पायांत बर्नीचे मोठे बूट, आणि बसायला तीच लाल खुर्ची. वॉकर आडवा टाकलेला. म्हातारी केव्हाची तिथे बसून होती कोण जाणे. तिचे ओठ निळे पडले होते.

बर्नीने पायऱ्या चढता चढताच सुरुवात केली. तुला वेड लागलंय का, ही खुर्ची कुणी काढली, थंडीत कशाला बसलीस.

“खुर्ची स्कार्पाने वर आणली. मी सांगितलं म्हणून.”

“चल, ऊठ. उशीर झालाय. भांडण गाडीत करू.”

“बाकीच्या खुर्च्या कुठे आहेत?”

“डेपोत. आई, ऊठ.”

“आण त्या.”

बर्नीने सगळं सांगितलं. हुकूम, किल्ल्या, पेन्शन. मी हे तुझ्यासाठी केलं, असंही ती म्हणाली. आणि हे मात्र म्हणायला नको होतं.

“माझ्यासाठी?” आयरीनचा आवाज मोठा नव्हता, फुप्फुसांत पाणी साचलं की आवाज चढत नाही. “मी पडद्यातून बघत होते. अख्खा रस्ता नागवा केलास आणि एकटं आपलं घर झाकलंस. आपला तो बाब्या, होय ना? तुला माहीत नाही तू काय केलंयस. तू पाळण्यात होतीस.”

आणि तिने सांगितलं. कारखान्यात मोठा संप झाला त्या हिवाळ्यात घराघरांतून लोक नुसते बटाटे उकडून खात होते. बर्नीचा बाप स्टीव्ह कारखान्याच्या बेसबॉल संघाचा गोलंदाज, मॅनेजरचा लाडका. नाताळच्या आदल्या दिवशी कारखान्याचा ट्रक लिंडन स्ट्रीट चढून आला, आणि एका घरापुढे थांबला. हुडाकांच्या. डुकराची अख्खी मांडी ओट्यावर ठेवून निघून गेला. हुडाकांनी ते मागितलं नव्हतं, ते फितूर झाले नव्हते, कुणाला एक शब्द बोलले नव्हते.

“दुसऱ्या दिवसापासून तुझा बाप रोज फाटकाशी संपवाल्यांच्या रांगेत जाऊन उभा राहायचा,” आयरीन म्हणाली, “आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी असायची. कुणी मारलं नाही त्याला. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी सांगते ते ऐक. सगळ्या खुर्च्या परत येईपर्यंत मी या ओट्यावरून हलणार नाही.”

“तू मरशील, आई.”

“मग लवकर कर.”

बर्नीने तिला बगलेत हात घालून उचलायचा प्रयत्न केला. म्हातारीने ओट्याचा कठडा धरला. या हातांनी तिने तरुणपणी पोलादी तारा रिळांवर चढवल्या होत्या. ते सुटले नाहीत. रस्त्यापलीकडून लोक बघत होते. बर्नी गाडीत बसली आणि डेपोकडे निघाली. रडू येत होतं आणि रडू येतंय म्हणून राग येत होता. आईचा राग, साहेबाचा राग, त्या मेलेल्या मॅनेजरचा आणि त्याने धाडलेल्या मांसाचा राग. स्वतःपर्यंत ती अजून पोचली नव्हती.

तिथे तिला केनीने पोचवलं. ती ढिगाऱ्यातून खुर्च्या उपसून ट्रकमध्ये टाकत होती तेव्हा तो ऑफिसातून बाहेर आला. हे काय चाललंय, त्याने विचारलं. तिने सांगितलं. मला वर कळवावं लागेल, तो म्हणाला. कळव, ती म्हणाली, तुला दुसरं येतं काय? साहेबाची हुजरेगिरी करून टेकडी विकलीस. तुझ्या बायकोला तोंड कसं दाखवतोस?

केनीने ढिगाकडे बोट दाखवलं.

“त्या ढिगात अगदी खाली बघ,” तो म्हणाला. “निळी घडीची आहे ना, ती तिचीच. मी आमच्या घरापासून सुरुवात केली. सकाळपासून ती माझा फोन उचलत नाहीये. तू तुझी उचललीस का, बर्नी?”

बर्नी वाकली आणि ढिगाच्या तळातून निळी घडीची खुर्ची ओढून काढली. केनी आत गेला, आणि काचेतून तो फोन उचलताना दिसला.

खुर्च्या परत मांडणं हे तिला वाटलं होतं तसं नव्हतं. जागाच उरल्या नव्हत्या. खुर्च्या गेल्याबरोबर ज्याला जिथे फट दिसली तिथे त्याने गाडी घुसवली होती. खालच्या गल्लीत दोन सख्खे चुलतभाऊ एकमेकांवर फावडी उगारून उभे होते. म्हणून बर्नीला प्रत्येक दार वाजवून खुर्ची हातात द्यावी लागली. कोपऱ्यावरच्या विधवेने मेरीचं नाक तपासलं आणि दार लावलं. स्कार्पाने इस्त्रीचं टेबल घेतलं, भिंतीला टेकवलं, आणि जणू टेबल आपणहून चालत आलं असावं तसा आत वळला. बर्नी प्रत्येक दारात उत्तरं तयार ठेवून उभी होती. एकही खर्ची पडलं नाही.

आयरीन शब्दाची पक्की होती. शेवटची खुर्ची देऊन, ट्रक डेपोत सोडून बर्नी आपल्या गाडीने परतली, तेव्हा म्हातारीने हात पुढे केला. पण आता तिला उभं राहता येत नव्हतं, आणि बर्नीची गाडी रस्त्याच्या मधोमध, मध्ये बर्फाचा ढीग. बर्नीने तिला उचललं तेव्हा दोघीही पायरीवर घसरल्या. तेव्हा दुसऱ्या बाजूने एक हात आला. मिसेस टिब्स, गाऊनवर कोट, पायांत बूट. त्यांनी म्हातारीच्या कमरेला सराईतपणे विळखा घातला, तोल आपल्यावर घेतला आणि तिला गाडीत अलगद बसवलं. बर्नीने थँक यू म्हणायला तोंड उघडलं.

“मी तुझ्यासाठी आले नाही,” मिसेस टिब्स म्हणाल्या, आणि पट्टा लावून निघून गेल्या.

नदीपलीकडे नर्सने बर्नीला खूप फैलावर घेतलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर थेट अतिदक्षता विभागात न्यावं लागलं असतं, ती म्हणाली. बर्नीने ते मुकाट ऐकून घेतलं. आई यंत्राला लावलेली असताना केनीचा फोन आला. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही, किल्ल्या उद्या आणून दे. आवाजात राग नव्हता, कीवही नव्हती. आई कशी आहे, त्याने विचारलं नाही.

परतताना ऊन कलायला आलं होतं. लिंडन स्ट्रीट खच्चून भरला होता. गाड्या एकमेकींना चिकटून, काही अर्ध्या ओट्यांपर्यंत चढलेल्या, पाळी सुटलेली माणसं जागेसाठी गोल गोल फिरत होती आणि हॉर्न वाजवत होती. मधे एकच जागा मोकळी होती. हुडाकांच्या घरासमोरची. निळी गाडी तिथून गेली होती. मिसेस टिब्स ती गाडी खाली चर्चपाशी लावून, पिशवी घेऊन, चढणीच्या बर्फातून चालत येत होत्या. जागेत खुर्ची नव्हती. राखायला काही नव्हतं. हॉर्न वाजवणारी एक गाडी त्या जागेशी आली, थोडी थांबली आणि पुढे गेली. तिच्यामागची दुसरीही गेली.

आयरीनने ते बघितलं.

बर्नीला गाडी तिथे लावावीच लागली. आईला ओट्यावर आणलं, आत नेलं, पांघरूण घातलं. मग ती बाहेर आली. अंधार पडायला अजून अवकाश होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक आपापल्या पायऱ्या खरवडत होते, एकमेकांना हाका मारत होते, गाड्या कुणी कशा लावल्या यावरून तावातावाने भांडत होते. ती ओट्यावर आली तसे आवाज खाली गेले. तिच्या दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर कुणी नव्हतं.

ती रस्ता ओलांडून स्कार्पाच्या पायऱ्यांशी गेली. तो वाकून बर्फ खरवडत होता.

“मिस्टर स्कार्पा,” ती म्हणाली. “निदान शिवी तरी द्या.”

स्कार्पाने ती पायरी पुरी केली. मग फावडं दाराशी टेकवलं, बूट झटकले आणि तो घरात गेला.